गाडी चालू झाली की जाऊ

आमचं घर सिरसाळ्याच्या बाजारपेठेत होतं. पुढं सरकी-पेंडीचं दुकान आणि मागं आम्ही. पेंडीचा वास घरात इतका मुरलेला होता की परगावी गेलं आणि उशीला तो वास नसला की मला झोप यायची नाही. सकाळी अप्पांची पूजा व्हायची. तळहातावर इष्टलिंग घेऊन ते बसायचे, तेवढा वेळ बाहेर हमालांनीसुद्धा पोती हळू टाकायची असा रिवाज होता. पूजा झाली की कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढून अप्पा दुकानात जाऊन बसायचे, आणि मग दिवसभर तराजूच्या साखळ्यांचा खळखळाट, पोती मोजणाऱ्या हमालाचा सुरातला आकडा आणि समोरच्या दुकानात नुकत्याच आलेल्या केबल टीव्हीचा गोंगाट, एवढंच ऐकू यायचं. घरात मात्र कुणाचाच आवाज नसायचा. अक्का लग्न होऊन सोलापूरला गेली होती, आई नांदूरघाटला मामाकडे होती, आणि मी बारावी होऊन परळीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. दोन माणसांचा स्वयंपाक असायचा, त्यातही अप्पा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे.

आई आठ दिवसांसाठी म्हणून गेली होती. त्याला सव्वा वर्ष झालं होतं. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण भांडण झालंच नव्हतं. अक्का अंबाजोगाईला कॉलेजात शिकत होती. हुशार होती. अप्पा कुणाच्या तरी लग्नाला म्हणून गेले आणि तिथंच मांडवात अक्काचं लग्न ठरवून परत आले. आई एवढंच म्हणाली, "पोरीला तेवढं एक वर्ष पुरं करू द्या." अप्पा म्हणाले, "शब्द दिलाय." मग आईनं एक अक्षर न बोलता सगळं लग्न पार पाडलं. रुखवत मांडला, विहिणीचे पाय धुतले, अक्काला सासरी वाटे लावलं. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला आठ दिवस भावाकडं सोडा." अप्पांनी तिला गाडीतून नेऊन सोडलं. मी त्या दिवशी घरीच होते. संध्याकाळी अप्पा परत आले, गाडी मागच्या अंगणात लिंबाखाली लावली, हातपाय धुतले आणि जेवायला काय आहे विचारलं. मी सुशीला केली होती. मुरमुरे जरा जास्तच भिजले होते. त्यांनी सगळी खाल्ली.

गाडी जुनीच होती, अप्पांनी एका निवृत्त इंजिनिअरकडून घेतलेली. राखाडी रंगाची, गोल पाठीची, दार लावलं की कपाट लावल्यासारखा आवाज करणारी. त्या दिवसांत परळीच्या कॉलनीत नव्या चिमुकल्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, लाल, पांढऱ्या, आवाज न करता जाणाऱ्या, आणि आमची गाडी त्यांच्यापुढं म्हशीसारखी दिसायची. पण अप्पांचा तिच्यावर जीव होता. म्हणून वसुलीच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ती लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच, याचं मला आश्चर्य वाटायचं. टपावर निंबोळ्या पडून काळे डाग पडले, पुढच्या चाकातली हवा गेली, बॉनेटवर मांजर बाळंत झालं. महिना उलटल्यावर मी विचारलं, आईला आणायचं का? अप्पा म्हणाले, "गाडी बंद हाय. गाडी चालू झाली की जाऊ." दिवाळीत विचारलं, तेच. संक्रांतीला मामाचा निरोप आला की ताई काही म्हणत नाहीत पण वाट बघतात, तेव्हाही तेच. एस.टी.नं जाऊ या म्हटलं तर म्हणाले, "तिला मी गाडीतून सोडली. एस.टी.त बसवून आणू? लोकं काय म्हणतील?" आणि गाडी दुरुस्त करायला मात्र त्यांनी कधी कुणाला बोलावलं नाही.

आज मी त्या वयातल्या माझ्याकडे बघते तेव्हा वाटतं, मला राग यायला हवा होता. राग आलाच नाही. मला फक्त फार एकटं वाटायचं. कॉलेजातून आले की मी ओट्यावर बसून मोठ्यानं पुस्तक वाचायचे, अभ्यासासाठी नव्हे, घरात माणसाचा आवाज व्हावा म्हणून.

दुसऱ्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं की गाडी आपणच चालू करायची. मला गाडीतलं काही म्हणता काही कळत नव्हतं. एस.टी. स्टँडजवळ रशीदचाचांचं गॅरेज होतं, म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि पुढं उघडून ठेवलेली दोन-तीन ट्रॅक्टरं. तरुणपणी त्यांनी कुणा देशमुखांच्या मोटारी सांभाळल्या होत्या. मी त्यांना घरी येता का विचारलं.

"न्हाई बेटा," ते म्हणाले. "तुझ्या अप्पांनी बोलवल्याबिगर मी यायचो न्हाई. मालकाला न विचारता गाडीला हात लावत न्हाईत. पण तू विचारशील ते सांगीन. चावी फिरवली की काय आवाज येतो?"

"कायच येत न्हाई."

"दिवा लागतो का? हॉर्न?"

"न्हाई."

"मग बॅटरी मेली. ती काढ अन् पलीकडं बॅटरीवाल्याकडं घेऊन ये. काळी तार आधी सोड, मग लाल."

बॅटरी मी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेली. बॅटरीवाल्यानं ती बघूनच मान हलवली, पण चाचांच्या ओळखीवर दुसरी एक भरलेली बॅटरी वापरायला दिली. ती जोडली, चावी फिरवली, आणि वर्षभरात पहिल्यांदा गाडीनं आवाज केला. खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र. मांजर पिलं सोडून पळालं. मला एवढा आनंद झाला की मी तशीच स्टँडवर पळत गेले आणि चाचांना तोंडानं तो आवाज काढून दाखवला. ट्रॅक्टरपाशी बसलेली दोन माणसं फिदीफिदी हसायला लागली. चाचा त्यांच्यावर खेकसले, "कावून हसता बे? तुमाला येतो का असा आवाज काढता?" मग मला म्हणाले, "स्टार्टर चांगला हाय. इंजन फिरतंय पण पकडत न्हाई. आता दोनच गोष्टी बघायच्या. पेट्रोल येतंय का, अन् आग पडती का. दोन्ही असले की गाडी चालू व्हायलाच पायजे."

मग माझे पुढचे सात-आठ दिवस त्या लिंबाखालीच गेले. टाकीतलं जुनं पेट्रोल नळी लावून काढलं. त्याला वार्निशासारखा वास येत होता. कॅनमधून नवं आणून ओतलं. चाचांनी सांगितलेली पंपाची बारकी दांडी बोटानं वर-खाली करून पेट्रोल पुढं आणलं, तेव्हा कुठं इंजिनाजवळ ताज्या पेट्रोलचा वास आला. उंदरांनी एक तार कुरतडली होती, ती जोडली. पुढच्या चाकात हवा भरली. नखांत काळं जाऊन बसलं ते भाकरी थापताना पिठात उतरायचं. अप्पा ताटावर बसायचे, भाकरीवरचा काळा ठिपका बघायचे आणि तसाच घास मोडायचे. मी काय करते आहे हे त्यांना दिसत होतं. दुकानाच्या मागच्या दारातून अंगण सरळ दिसायचं. कधी कधी मला जाणवायचं की ते तिथं उभे आहेत. वळून बघेपर्यंत दार रिकामं असायचं.

पेट्रोल येत होतं. राहिली आग. चाचा म्हणाले, एक प्लग काढायचा, त्याला तार तशीच लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगायची. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी दिसली पाहिजे. मी प्लग काढला, टेकवला आणि तशीच उभी राहिले. चावी फिरवायला माणूसच नव्हतं. बॉनेट वर केलेलं असलं की आतल्या माणसाला पुढचं दिसत नाही, आणि पुढं उभं राहिलं तर चावीला हात पोचत नाही. त्या क्षणाला मला आईची, अक्काची, कुणाचीही जेवढी आठवण आली तेवढी आजारपणातही कधी आली नव्हती. शेवटी मी दुकानाच्या दारात जाऊन म्हटलं, "अप्पा, जरा चावी फिरवता का?"

ते आले. चप्पल बाहेर काढून गाडीत बसले, जसे पूर्वी बसायचे तसेच. चावी फिरवली. इंजिन खर्रर्र करून फिरलं. मी प्लगवर नजर लावून बसले होते.

"आली का ठिणगी?" आतून त्यांनी विचारलं.

"न्हाई. परत फिरवा."

त्यांनी परत फिरवली. आणखी तीनदा फिरवली. काही नाही. मी बॉनेटच्या बाजूनं वाकून बघितलं तर ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत बसले होते. "जाऊ दे उमा," ते म्हणाले. "जुनी झाली गाडी." आणि दुकानात निघून गेले.

मी चाचांकडं गेले. त्यांनी विचारलं, "तारा चांगल्या हायत? मग ती काळी टोपी उघड, जिच्यातून प्लगच्या सगळ्या तारा निघतात. दोन क्लिपा हायत. आत एक लहान तुकडा असतो, फिरतो अन् एकेका प्लगला आग वाटतो. त्याला रोटर म्हणतात. त्याच्यावर तडा गेलाय का बघ."

टोपी उघडली. आत मधोमध एक दांडी होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. मी टोपी उलटी करून झटकली, इंजिनाच्या खाली पालथी पडून शोधलं, मातीतून हात फिरवला. मग परत स्टँडवर गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला पाना खाली ठेवला.

"क्लिपा लावलेल्या होत्या? दोन्ही?"

"दोन्ही."

"मग बेटा, तो पडला न्हाई. कुणीतरी काढलाय. चोरी होऊ नये म्हणून मालक लोकं काढून खिशात ठेवायचे." पाना परत उचलला. "घरी विचार," एवढंच म्हणाले.

मी त्या संध्याकाळी येसराची आमटी केली होती. अप्पांना ती आवडायची. त्यांनी भाकरी कुस्करली आणि पहिला घास घ्यायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, रोटर कुठाय?"

त्यांचा हात ताटातच थांबला. मी आमटीवरच्या तर्रीकडं बघत राहिले. मग ते उठले, हात धुतला, खुंटीवरच्या कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत विटकरी रंगाचा, अंगठ्याएवढा तुकडा होता. एवढासा.

"मीच काढला," ते म्हणाले. "तुझ्या आईला सोडून आलो ना, नववा दिवस लागला तसा गाडी काढून निघालो. तुला म्हणलो होतो माजलगावला वसुलीला जातो. तेलगाव गेलं, घाटाखाली आलो, अन् गाडी बाजूला घेतली. पुढं जाववेना. काय म्हणायचं तिला? चूक झाली म्हणायचं, तर लग्न तर होऊन गेलं. चल म्हणायचं, तर कोणत्या तोंडानं. तासभर बसलो अन् परत फिरलो. दुसऱ्या आठवड्यात परत गेलतो. तिसऱ्या आठवड्यात परत. लोकं बघायला लागले. मग एक दिवस आलो अन् हे काढून ठेवलं. म्हणलं, गाडीच चालू न्हाई झाली तर जायचा सवाल न्हाई, अन् परत यायचा बी."

माझं वय एकोणीस होतं. वडील असं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं, आणि बोलल्यावर आपण काय करायचं असतं हेही माहीत नव्हतं. मी आमटी परत गरम करायला उठले.

सकाळी मी रोटर बसवला, टोपी लावली, दोन्ही क्लिपा दाबल्या. गाडी चौथ्या फेरीला खोकली, पाचव्याला धूर सोडला आणि चालू झाली. सगळं अंगण थरथरायला लागलं. हमाल दारात येऊन उभे राहिले. अप्पा पूजेवरून उठून आले होते, कपाळावरची विभूती ओलीच होती. म्हणाले, "साडी-बिडी काय घ्यायची का तिला?" मी म्हटलं, "नको. नुसतं जाऊ."

निघालो. घाट चढायच्या आधी, पायथ्याशी, अप्पांनी डावीकडं बघायचं टाळलं. धारूर गेलं, केज गेलं, दहा-साडेदहाला नांदूरघाटला मामाच्या दारात गाडी उभी केली. आई सुपात तूर निवडत बसली होती. बारीक झाली होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, अप्पांना पाणी दिलं, आणि उभ्यानंच विचारलं, "गाडी बंद होती म्हणं. काय झालतं?"

मामा होता, मामी होती. अप्पांनी तांब्या खाली ठेवला. मी त्यांच्याकडं बघत होते. मनात म्हणत होते, सांगा, आत्ता सांगा.

"बॅटरी उतरलती," अप्पा म्हणाले.

आईनं मान हलवली. "जेवून घ्या मग," म्हणाली आणि आत गेली.

चुलीपाशी मी तिला रडत रडत सगळं सांगून टाकलं. रोटर, घाट, सगळं. तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "ठाऊक हाय मला. केजच्या बाजाराला येणारी-जाणारी माणसं कमी हायत का? घाटाखाली तुमची गाडी उभी होती म्हणून तिघांनी येऊन सांगितलं. मी रोज न्हाऊन-माखून बसायचे, आता येतील, मग येतील."

"मग विचारलंस कावून?"

"त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं." ती म्हणाली. "मी येत न्हाई उमा. तुला ऱ्हायचं तर ऱ्हा."

मी राहिले नाही. का राहिले नाही ते आजही नीट सांगता येत नाही. आईजवळ मामा होता, मामी होती, त्यांची लेकरं होती, आणि ओसरीवर अप्पा एकटेच टोपी हातात घेऊन बसले होते, एवढंच दिसलं. जेवण झालं. अप्पांनी दारातून विचारलं, "चलतीस का?" आई म्हणाली, "न्हाई." ते बरं म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

परतीला घाट उतरून खाली आलो तेव्हा त्यांनी एका बाभळीपाशी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. "इथंच थांबायचो," म्हणाले. दुपारचं ऊन होतं. दूर कुणीतरी औत हाकत होतं, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता काही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "आईला ठाऊक हाय."

"काय?"

"तुमी इथवर येत होता ते. पहिल्यापासून ठाऊक हाय. ती वाट बघायची."

अप्पांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, परत काढला. मग चावी फिरवली आणि गाडी वळवली. सिरसाळ्याकडं नव्हे, परत घाटाकडं.

अर्ध्या घाटात गाडी आचके देऊन बंद पडली. चावी फिरवली, इंजिन फिरत होतं, पकडत नव्हतं. मी धसकले. वाटलं, आता अप्पा म्हणतील, गाडीच बंद पडली, काय करणार. सव्वा वर्ष ते हेच म्हणत आले होते. ते खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "काय झालं असंल? सांग, काय करायचं?"

चाचांनी सांगितलं होतं की चढाला इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, मग ते पुढं जात नाही. मी प्यायच्या पाण्यानं ओढणी भिजवून पंपाला गुंडाळली. आम्ही दोघं दगडावर बसलो. अप्पा तीनदा उठून पंपाला हात लावून बघून आले. पाऊण तासानं गाडी चालू झाली.

नांदूरघाटला पोचलो तेव्हा आई दारातच होती. गाडीचा आवाज ऐकून आली असावी. अप्पा उतरले. मी उतरले नाही. काचेतून मला ते दोघं दिसत होते, मामाच्या कडब्याच्या गंजीपाशी. अप्पा बोलत होते, खाली बघत, एक हात दुसऱ्या हातानं धरून. आई ऐकत होती. शब्द एकही कळत नव्हता. ते बोलणं माझं नव्हतंच, हे मला त्या काचेआड बसून पहिल्यांदा कळलं. एवढे दिवस मी जे काही करत होते ते मला आपल्या घरासाठी वाटत होतं, पण त्या दोघांमध्ये एक जागा होती जिथं मला कधीच जाता आलं नसतं. पुढं माझं स्वतःचं लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला. पण एकटेपणाची म्हणून काही आठवण काढायला बसले की ती दुपार आधी आठवते, आणि ती वाईट नव्हती.

आई पिशवी घेऊन आली. पुढचं दार उघडून मला म्हणाली, "मागं बस."

मी मागं बसले. केज मागं पडलं तशी आई म्हणाली, "पोरगी दुसऱ्या वर्षाला होती. दुसऱ्या!" अप्पा म्हणाले, "शब्द दिलता मी." आई म्हणाली, "शब्द द्यायच्या आधी घरी बायको हाय हे ठाऊक न्हवतं?" मग जे सुरू झालं ते धारूर, घाट, तेलगाव, थांबलंच नाही. आई मोठमोठ्यानं बोलत होती, अप्पा मोठमोठ्यानं बोलत होते, मधेच दोघं एकदम गप्प व्हायची आणि परत एकदम सुरू करायची. सव्वा वर्षात एवढा आवाज मी ऐकला नव्हता. खिडकीला डोकं टेकवून मी तो ऐकत होते. तेलगावला दिवे लागले होते. तिथं कुठंतरी मला झोप लागली.